'प्रशिक्षण विमान' या शब्दाविषयी एक तक्रार

१.

एम.ए.च्या वर्गाला शब्दशक्ती शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे तीच उदाहरणे देत आलो आहोत. नदीवर गवळ्यांची वस्ती आहे असे कोणी म्हटले, तर ती पाण्यावर नसून काठावर आहे हे श्रोत्याला कसे कळते? आधी वाच्यार्थाला बाध कसा येतो, मग त्याच्याशी संबंध असलेला लक्ष्यार्थ पुढे कसा होतो, आणि शीतलता, पावित्र्य यांसारखा व्यंग्यार्थ शेवटी मागे कसा दरवळत राहतो? विद्यार्थी हे सारे वह्यांत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि व्हरांड्यात पाऊल ठेवताच विसरतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हीही ते परीक्षेपुरतेच शिकवत होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या वर्गात ही घडी विस्कटली. एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्राचे कात्रण आणले होते. कुठल्याशा परदेशी हवाई दलाच्या 'शिकाऊ विमानांनी' बंडखोरांच्या तळावर बॉम्बफेक केली, अशी ती चार ओळींची बातमी होती. त्याने विचारले, "सर, शिकाऊ विमान बॉम्ब टाकत असेल तर इथे वाच्यार्थाला बाध आला की नाही? आणि आला असेल तर लक्ष्यार्थ कोणता?" वर्ग हसला. शिक्षकही हसले. उत्तर मात्र त्या तासाला देता आले नाही.

हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे. तक्रारही आहे. शस्त्रव्यवहाराच्या जगात 'प्रशिक्षण विमान' आणि 'हलका हल्ला' हे दोन शब्द ज्या रीतीने वापरले जातात ती रीत अप्रामाणिक आहे, आणि तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार केवळ संरक्षणतज्ज्ञांचा नाही, असे आमचे म्हणणे आहे. शब्द कुठे सरळ चालतो आणि कुठे चकवा देतो हे ओळखणे हा ज्यांचा धंदा आहे, त्यांनी इथे गप्प बसणे म्हणजे आपल्याच विषयावर अविश्वास दाखवणे होय.

२.

आधी वस्तू समजून घेऊ, म्हणजे शब्दावर अन्याय होणार नाही.

नवशिक्या वैमानिकाला एकदम लढाऊ विमानात बसवता येत नाही. प्रथम पंख्याच्या साध्या विमानावर उड्डाण शिकायचे, मग जेटवर, आणि शेवटी शस्त्र कसे रोखायचे व सोडायचे ते. म्हणून या विमानांत दोन आसने असतात, एक विद्यार्थ्याचे आणि एक शिक्षकाचे, आणि नियंत्रणेही दुहेरी असतात. शेवटच्या टप्प्यातले शिक्षण द्यायचे तर विमानाच्या पंखांखाली शस्त्रे अडकवण्याच्या जागा, ज्यांना हार्डपॉइंट म्हणतात, त्या हव्यात. नेम धरण्याचे साधन हवे. पंखही तो भार पेलतील असे हवेत. म्हणजे बॉम्ब टाकायला शिकवणारे विमान बॉम्ब टाकू शकते. यात कसलीही लबाडी नाही. शब्दातली संदिग्धता आधी धातूतच आहे, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

ही शक्यता वापरण्याचा इतिहासही जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक ज्या अमेरिकी टी-६ विमानावर तयार झाले, त्याला अमेरिकेत 'टेक्सन' म्हणत आणि राष्ट्रकुलातल्या देशांत 'हार्वर्ड'. ज्याला विद्यापीठाचे नाव मिळाले त्याच जातीची विमाने फ्रान्सने अल्जीरियाच्या युद्धात शेकड्यांनी वापरली, अल्जीरियाच्या डोंगरांतल्या बंडखोरांवर गोळ्या आणि रॉकेटे झाडण्यासाठी. ब्रिटनच्या 'जेट प्रोव्होस्ट' या प्रशिक्षण विमानापासून १९६७ साली 'स्ट्राइकमास्टर' निघाले आणि ते ओमानच्या धोफार प्रांतातल्या युद्धात लढले. अमेरिकेच्या टी-३७ पासून ए-३७ झाले आणि व्हिएतनामवर उडू लागले. त्याचे टोपणनाव 'ड्रॅगनफ्लाय', म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात डबक्यांवर भिरभिरणारा चतुर.

सर्वांत बोलके उदाहरण फ्रान्स आणि जर्मनी यांनी मिळून बनवलेल्या 'आल्फा जेट'चे आहे. फ्रान्सने ते शिकवण्यासाठी घेतले आणि त्याच्या नावापुढे 'ई' लावला, एकोल म्हणजे शाळा या अर्थी. जर्मनीने ते रणभूमीवरील सैन्याला आधार देण्यासाठी घेतले आणि त्याला 'ए' लावला, आप्युई म्हणजे आधार या अर्थी. एकाच सांगाड्याला एका अक्षराने शाळेत घातले आणि दुसऱ्याने रणांगणावर पाठवले. या नामकरणाविषयी आमची तक्रार नाही. दोन्ही देशांनी आपण काय घेत आहोत ते अक्षरात तरी सांगितले. तक्रार सुरू होते ती 'ए'चे काम करणारे विमान 'ई'च्या दाखल्यावर विकले जाते तेव्हा.

३.

आता 'हलका' या विशेषणाकडे वळू. मराठीत हा शब्द मोठा लवचीक आहे. पीस हलके असते, ताप हलका होतो, मन हलके होते. हलक्या कानाचा माणूस असतो, हलक्या प्रतीचा माल असतो, आणि थोड्याच अंतरावर 'हलकट'ही उभा असतो. इंग्रजीतला मूळ शब्द मराठीत आणताना आपण त्यातली पहिली छटा घेतो आणि उरलेल्या विसरतो. 'हलका हल्ला' असे वाचले की डोळ्यांसमोर टपली मारल्यासारखे काहीतरी येते.

आकडे मात्र वेगळे सांगतात. ब्राझीलचे 'सुपर टुकानो' हे एका पंख्याचे विमान सुमारे १,५०० किलो शस्त्रे वाहून नेते. ब्रिटनचे 'हॉक' सुमारे ३,००० किलो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनचे दोन इंजिनांचे 'ब्लेनहाइम' हे बॉम्बफेकी विमान आपल्या पोटात सुमारे ४५० किलो बॉम्ब नेत असे, आणि त्याला कोणी शिकाऊ म्हणत नव्हते. म्हणजे आज ज्याला हलके म्हणतात ते त्या काळच्या बॉम्बफेकी विमानाच्या तिप्पट किंवा सहापट वजन घेऊन उडते.

मग हलके काय आहे? विमान हलके आहे ते आजच्या अत्याधुनिक लढाऊ विमानाच्या तुलनेत. किंमत हलकी आहे. उड्डाणाचा तासाचा खर्च हलका आहे. आणि जोखीम हलकी आहे, अर्थात उडणाऱ्याची. कारण हे विमान तिथेच वापरता येते जिथे खालच्या माणसापाशी त्याला पाडण्याचे साधन नाही. लष्करी परिभाषेत अशा आकाशाला 'मुभा देणारे' आकाश म्हणतात. हा शब्दप्रयोग आम्ही प्रथम वाचला तेव्हा थबकलो. मुभा कोणी दिली? ज्याच्या घरावर ते आकाश आहे त्याने तर दिलेली नाही. त्याच्यापाशी तोफ नाही, एवढाच त्या मुभेचा अर्थ. दुर्बलाच्या हाती काही नसणे यालाच त्याची संमती मानणारी ही भाषा आहे, आणि 'हलका हल्ला' या शब्दाची व्याख्या या भाषेच्या पोटात दडलेली आहे. हल्ल्याचे वजन इथे खाली पडणाऱ्या बॉम्बवरून ठरत नाही, वरच्याला किती भय आहे त्यावरून ठरते.

४.

'हॉक'ची कथा थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण या साऱ्या प्रश्नाचा कस तिथे लागला.

हॉक म्हणजे ससाणा. हे विमान १९७४ साली प्रथम उडाले. ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक त्यावर शिकले आणि 'रेड ॲरोज' या पथकाने त्यावर कसरती केल्या. १९७८ साली ब्रिटनने इंडोनेशियाला ही विमाने विकण्याचा करार केला. त्याच्या अडीच वर्षे आधी, ७ डिसेंबर १९७५ रोजी, इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर आक्रमण केले होते. पोर्तुगीज वसाहतीतून बाहेर पडू पाहणारा तो छोटासा प्रदेश. लोकसंख्या जेमतेम साडेसहा लाख. पुढच्या चोवीस वर्षांत तिथे काय झाले याची मोजदाद तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने २००५ साली पूर्ण केली. संघर्षामुळे, उपासमारीमुळे आणि रोगराईमुळे झालेल्या मृत्यूंचा आयोगाचा किमान अंदाज सुमारे १,०२,८०० आहे. त्या अहवालाला 'शेगा' असे पोर्तुगीज नाव आहे. त्याचा अर्थ 'पुरे'.

या काळात ब्रिटिश सरकारे बदलली, विक्री चालू राहिली. हॉकची एक नवी आवृत्ती आली, हॉक २००. ती १९८६ साली प्रथम उडाली. तिच्यात एकच आसन होते. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. दुसरे आसन शिक्षकाचे होते आणि तेच काढून टाकले. ज्या विमानातून शिक्षक उतरला, त्याला शिकवण्याच्या घराण्यातले म्हणून कोणत्या तोंडाने मिरवायचे? इंडोनेशियाने १९९० च्या दशकात मागवलेल्या ४० हॉक विमानांपैकी ३२ या एकासनी जातीची होती.

१२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलीतल्या सांताक्रूझ दफनभूमीत सैनिकांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. तो प्रसंग चित्रफितीवर टिपला गेला आणि जगाने पाहिला. तरीही १९९३ साली नवा करार झाला. हॉक तिमोरवर वापरली जातात असे तिमोरी साक्षीदार सांगत होते. ब्रिटिश सरकार 'पुरावा नाही' म्हणत होते, आणि इंडोनेशियाने तशी हमी दिली आहे, असेही सांगत होते. १९९७ साली मजूर पक्ष सत्तेवर आला. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी परराष्ट्रधोरणाला नैतिक परिमाण देण्याची भाषा केली, पण आधी दिलेले हॉकचे परवाने रद्द केले नाहीत. १९९९ साली मात्र हॉक विमाने पूर्व तिमोरवरून उडाल्याचे ब्रिटिश सरकारलाही मान्य करावे लागले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला तिमोरी जनतेने सार्वमतात ७८.५ टक्के मतांनी स्वातंत्र्याचा कौल दिला, आणि सप्टेंबरमध्ये, दिली जळू लागल्यावर, ब्रिटनने उरलेल्या विमानांची पाठवणी स्थगित केली.

या सगळ्यात एक वेगळी घटना आहे. २९ जानेवारी १९९६ च्या पहाटे अँड्रिया नीडहॅम, जोआना विल्सन आणि लोट्टा क्रोनलिड या तीन स्त्रिया लँकेशायरमधल्या वॉर्टन येथील कारखान्यात शिरल्या आणि इंडोनेशियाला पाठवायच्या एका हॉकवर त्यांनी हातोडे चालवले. नुकसान सुमारे १५ लाख पौंडांचे सांगितले गेले. त्या पळाल्या नाहीत. विमानाच्या कक्षात त्यांनी पूर्व तिमोरविषयीची चित्रफीत ठेवली आणि अटक होण्याची वाट पाहिली. त्यांची चौथी सहकारी अँजी झेल्टर हिला पुढच्या आठवड्यात अटक झाली. खटला लिव्हरपूलच्या न्यायालयात चालला. विमान फोडले हे चौघींनी नाकारलेच नाही. मोठा गुन्हा टाळण्यासाठी वाजवी बळ वापरण्याची मुभा ब्रिटिश कायदा देतो, आणि आम्ही नरसंहाराला होणारे साह्य थांबवत होतो, असा त्यांचा बचाव होता. जुलै १९९६ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले.

आम्हाला या निकालात एक वाचन दिसते. सरकारपक्षाच्या दृष्टीने तिथे एक यंत्र होते, मालमत्ता होती, परवान्यातला शब्द होता. ज्युरीत बसलेल्या सामान्य नागरिकांसमोर मात्र संदर्भ आला. विकत कोण घेतो, कुठे नेतो, तिथे काय चालले आहे, हे सारे जोडून त्यांनी त्या यंत्राचा अर्थ लावला. वक्ता, श्रोता, देश, काळ, प्रसंग यांच्या आधारे अर्थ ठरतो असे आपले काव्यशास्त्र सांगते. लिव्हरपूलच्या त्या बारा जणांनी काव्यशास्त्र वाचले नसेल, पण त्यांनी नेमके तेच केले.

५.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल.

शस्त्रव्यवहारात 'प्रशिक्षण विमान' हा शब्द दोन श्रोत्यांना उद्देशून एकाच वेळी उच्चारला जातो. संसदेला, वर्तमानपत्रांना आणि मतदारांना त्याची अभिधा ऐकवायची असते: शिकवायचे विमान, बस्स. खरेदीदाराला त्याची व्यंजना ऐकवायची असते: पंखांखालच्या जागा पाहा, त्या कशासाठी आहेत हे तुम्ही जाणताच. बॉम्ब पडला की वाच्यार्थाला बाध येतो. एरवी भाषेत असा बाध आला की श्रोता लक्ष्यार्थाकडे वळतो. इथे त्याला वळू दिले जात नाही. 'पण ते तर प्रशिक्षण विमान आहे', असे पुन्हा म्हणून त्याला वाच्यार्थाच्या खुंटीला बांधून ठेवले जाते. बाध आल्यानंतरही अभिधेचा हट्ट धरणे, हे या शब्दाचे तंत्र आहे. कवीचा श्लेष दोन्ही अर्थ एकाच वाचकापुढे ठेवतो आणि त्याला आनंद देतो. हा श्लेष दोन अर्थ दोन दारांनी दोघांना देतो आणि एकाला फसवतो.

स्वित्झर्लंडचे उदाहरण याला पूरक आहे. पिलाटुस या स्विस कंपनीची पीसी-७ आणि पीसी-९ ही प्रशिक्षण विमाने शस्त्राविना निर्यात होत, म्हणून ती कायद्याच्या दृष्टीने युद्धसामग्री ठरत नसत. शस्त्रे पुढे दुसरीकडे बसवता येत. ग्वाटेमालात १९८० च्या दशकात ती बंडखोरांविरुद्ध उडाली. जानेवारी १९९४ मध्ये चियापासमधल्या आदिवासींच्या उठावाच्या वेळी मेक्सिकोने पीसी-७ वापरली. चाडने प्रशिक्षणापुरताच वापर करू असे सांगून २००६ साली पीसी-९ घेतले, आणि २००८ साली तेच शस्त्रसज्ज करून बंडखोरांवर वापरल्याचे उघड झाले. दरम्यान स्विस कायद्याने हार्डपॉइंट असलेल्या प्रशिक्षण विमानांसाठी 'विशेष लष्करी वस्तू' असा एक मधला वर्ग निर्माण केला. युद्धसामग्री म्हणायचे नाही, साधी वस्तूही म्हणायचे नाही. अशा वस्तूंसकट सगळी शस्त्रनिर्यात बंद करावी, या प्रस्तावावर नोव्हेंबर २००९ मध्ये तिथे जनमत घेतले गेले आणि सुमारे ६८ टक्के मतदारांनी तो फेटाळला. लोकशाहीचा तो कौल आहे, तो त्यांचा. पण मतदाराने निर्णय घ्यायचा तो वस्तूचे खरे नाव ऐकून. मधल्या वर्गाचे नाव ऐकून घेतलेला निर्णय अर्धवट ऐकलेल्या प्रश्नाचे उत्तर असतो.

६.

आमच्यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. त्यांतले तीन विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की, प्रत्येक साधन दुहेरी असते. विळ्याने गवत कापतात आणि गळाही. म्हणून विळ्याला शस्त्र म्हणायचे का? नाही म्हणायचे. पण विळा विकणारा लोहार गिऱ्हाइकाला गळा कापण्यासाठी वेगळी मूठ बसवून देत नाही, आणि त्याच्या जाहिरातीत गळ्याचे चित्र नसते. शस्त्रप्रदर्शनांत ही विमाने पंखांखाली बॉम्ब आणि क्षेपणास्त्रे मांडून उभी केली जातात. एका दालनात ती लढाऊ असतात आणि परवान्याच्या अर्जात शिकाऊ. दुहेरीपणा वस्तूचा असेल, दुटप्पीपणा विकणाऱ्याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरीब देशांनाही आपल्या सीमा राखायच्या असतात. त्यांना महागडी लढाऊ विमाने परवडत नाहीत. शिवाय सावकाश उडणाऱ्या विमानातून खालचे नीट दिसते, त्यामुळे निरपराध माणसे कमी मरतात. यातला पहिला भाग आम्हाला मान्य आहे. काश्मीरमध्ये १९४७ साली टोळीवाल्यांना थोपवताना भारतीय हवाई दलाची हार्वर्ड प्रशिक्षण विमानेही कामाला लागली होती, आणि त्या प्रसंगी ती लागली याचे आम्हाला दुःख नाही. युक्रेनमध्ये २०२४ साली 'याक-५२' या जुन्या प्रशिक्षण विमानाच्या मागच्या आसनावर, म्हणजे शिक्षकाच्या जागेवर, बंदूकधारी बसवून रशियाची ड्रोन पाडण्यात आली. शहरावर येणारे संकट अडवणाऱ्या त्या माणसाला कोण नावे ठेवील? म्हणजे शस्त्रसज्ज प्रशिक्षण विमान ही वस्तूच पापी आहे असे आमचे म्हणणे नाही. पण या दोन्ही उदाहरणांत कोणी काही लपवले नव्हते. गरज होती आणि जे हाताशी होते ते उघडपणे वापरले. अफगाणिस्तानला २०१६ पासून दिलेल्या सुपर टुकानो विमानांनाही अमेरिकेने 'ए-२९' म्हटले. त्या नावातला 'ए' हल्ल्याचा आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडले तेव्हा काही वैमानिक तीच विमाने घेऊन उझबेकिस्तानात पळाले. त्या धोरणाचा निकाल काय लागला तो लागला, नाव तरी खरे होते.

दुसऱ्या भागाविषयी मात्र शंका घेतली पाहिजे. सावकाश विमानातून नीट दिसते हे खरे. पण जे स्वस्त असते ते वारंवार वापरले जाते, हेही व्यवहारात आपण रोज पाहतो. महाग शस्त्र उचलण्यापूर्वी राज्यकर्ता दहादा विचार करतो, त्यात थोडा हिशेबाचा भाग असतो. शस्त्र हलके झाले की हिशेब हलका होतो, आणि मग आपल्याच देशातल्या डोंगरावरच्या असंतोषाकडे बोलणीवाल्याला पाठवायचे की विमानाला, हा प्रश्न विचारण्याची सवयही हळूहळू हलकी होत जाते. ग्वाटेमाला, चियापास, चाड या नावांत एक समान धागा आहे. त्या त्या सरकारांचे शत्रू बहुतेक त्यांचे स्वतःचे नागरिक होते.

तिसरा आक्षेप आमच्याच बिरादरीतून येतो: 'हे आपले क्षेत्र नाही. आपण कवितेविषयी बोलावे.' या आक्षेपाचा आम्हाला सर्वांत जास्त राग येतो, कारण त्यात नम्रतेचा आव आहे आणि आत आळस आहे. गेल्या काही दशकांत आपल्या चर्चासत्रांतून अर्थाची अनिश्चितता, संहितेची बहुविधता, शब्दाचे निसटतेपण यांवर किती निबंध वाचले गेले! त्यांतले काही आमचेही होते. अर्थ स्थिर नसतो असे म्हणून आपण टाळ्या घेतल्या. पण अर्थ निसटता असण्याचा फायदा कोणाला होतो हे विचारायला आपण विसरलो. परवाना लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने आपले निबंध वाचले नसतील, तरी शब्दाला दोन्हीकडून वापरायची विद्या त्याला आपल्यापेक्षा चांगली येते. आपण जिला सिद्धान्त म्हणतो, ती त्याची रोजची कामाची पद्धत आहे. मग निदान ती ओळखून दाखवण्याचे काम तरी आपण करायला नको का?

७.

आता थोडे घराकडे. भारताने मार्च २००४ मध्ये ६६ हॉक विमानांचा करार केला, पुढे संख्या वाढली, आणि आज हवाई दलाचे व नौदलाचे वैमानिक त्यांवर शिकतात. गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर ती आहेत. 'सूर्यकिरण' पथक २०१५ पासून हॉकवरच कसरती करते, आणि ते आकाशात तिरंगी धूर सोडते तेव्हा माना वर करून पाहणाऱ्यांत आम्हीही असतो. वैमानिकांना चांगले शिक्षण मिळावे, कच्च्या शिक्षणामुळे तरुण मुले मरू नयेत, हे कोणाला नको आहे? याच हॉकची 'हॉक-आय' ही शस्त्रसज्ज आवृत्ती हिंदुस्थान एरोनॉटिक्सने तयार केली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिच्यावरून धावपट्ट्या उद्ध्वस्त करणारे शस्त्र सोडण्याची चाचणी झाली. त्याच कंपनीच्या नाशिकच्या कारखान्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एचटीटी-४०' या प्रशिक्षण विमानाच्या उत्पादनाची दुसरी साखळी सुरू झाली. आपल्या मुलखातले कामगार आणि अभियंते ते विमान बांधत आहेत, याचा आनंद आहे.

म्हणूनच प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे. आपण अशी विमाने उद्या दुसऱ्या देशांना विकू लागलो, तर त्यांना काय म्हणून विकणार? ती घेणारे सरकार आपल्याच लोकांवर वापरणार असेल, तर आपल्या वर्तमानपत्रांत तेव्हाही 'शिकाऊ विमान' असेच छापून येणार का? ब्रिटनने जी वीस वर्षे 'पुरावा नाही' म्हणत घालवली, ती आपणही घालवणार का? नाशिकच्या कारखान्याच्या नावावर असा डाग लागू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी शब्द आधीच स्वच्छ करून ठेवावा.

आमची मागणी साधी आहे. ज्या विमानाच्या पंखांखाली शस्त्रे अडकवण्याची सोय आहे त्याला मराठीत 'शस्त्रक्षम प्रशिक्षण विमान' म्हणावे. शब्द थोडा अवजड आहे, पण खरा आहे. ज्यातले शिक्षकाचे आसन काढले आहे त्याला प्रशिक्षणाच्या घराण्यात मोजू नये, लढाऊ विमान म्हणावे. 'शिकाऊ' हा शब्द नवशिक्या माणसासाठी राखून ठेवावा. आणि 'हलका हल्ला' असे छापण्यापूर्वी बातमी लिहिणाऱ्याने किती किलोंचा, हे एकदा कंसात लिहून पाहावे. शब्द बदलल्याने बॉम्ब पडायचे थांबत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण जो पडला तो बॉम्ब होता आणि ज्यातून पडला ते हल्ल्याचे विमान होते, एवढे तरी नागरिकाला मतदानापूर्वी कळेल.

तो विद्यार्थी आता एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. शब्दशक्तीच्या धड्याला तो अजून वर्तमानपत्राची कात्रणे घेऊन जातो, असे त्याने मागे भेटल्यावर सांगितले. नदीवरच्या गवळ्यांची वस्तीही तो शिकवतो, पण दुसऱ्या दिवशी.